गडचिरोली : बारा तालुके आणि अहेरी जिल्ह्याची मागणी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा एवढ्या मुलखात तहसिली दोनच होत्या, गडचिरोली आणि सिरोंचा. आज तालुके बारा आहेत. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तर २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२. पश्चिमेला वैनगंगा, पुढे वर्धा मिळाल्यावर तीच प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला भेटते. पूर्वेला छत्तीसगडला लागून डोंगर आणि जंगल.

उत्तरेकडचे तालुके धानाचे, झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचे. तिथल्या देसाईगंज तालुक्याच्या नावाचा घोळ बाहेरच्यांना कळत नाही. सरकारदरबारी देसाईगंज, रेल्वेच्या पाटीवर वडसा. झाडीपट्टी नाटकांच्या हंगामात नाटक मंडळ ठरवायला निघालेला गावकरीही ‘वडशाला जातो’ असंच म्हणतो.

खरा अडलेला प्रश्न दक्षिणेचा आहे. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा मिळून वेगळा अहेरी जिल्हा करा, ही मागणी जुनी आहे. सिरोंचा ते गडचिरोली अंतर सुमारे २०० किलोमीटर. एका सहीसाठी सकाळची बस धरली तरी पोचेपर्यंत दुपार उलटते आणि साहेब दौऱ्यावर असले की मुक्काम पडतो. रोजमजुरी बुडते ती वेगळीच. त्याच सिरोंच्यातून पूल ओलांडला की तेलंगणातलं कालेश्वरम. त्यामुळे बाजार आणि सोयरीक तिकडे, बोलणंही बरंचसं तेलुगू. भामरागडची तऱ्हा आणखी वेगळी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की तालुक्याचं ठिकाणच तुटतं. मुलचेऱ्यात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावं आहेत. एका कचेरीतून हे सगळं सांभाळणं शक्य नाही, हे अहेरीत अपर जिल्हाधिकारी कार्यालय द्यावं लागलं तेव्हाच मान्य झालं होतं. मात्र अपर कार्यालय म्हणजे जिल्हा नव्हे. महत्त्वाच्या कामांची फाइल शेवटी गडचिरोलीलाच जाते.

विरोधातला मुद्दा लोकसंख्येचा. आधीच विरळ वस्तीचा जिल्हा, तो आणखी तोडला तर खर्च परवडणार कसा, असं विचारलं जातं. पण इथे दर चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसं राहतात. विरळ वस्ती म्हणजेच लांबचं अंतर, आणि मागणी अंतरासाठीच आहे. एटापल्लीच्या सुरजागडला लोहखनिजाची खाण सुरू होऊन उत्पन्नाची वाट उघडल्यापासून तर खर्चाचा मुद्दा अधिकच लंगडा वाटतो.

दक्षिणेने मुख्यालय पाहिलेलंच नाही, असंही नाही. इंग्रजी अमलात सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. १८७४ मध्ये हा भाग चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला. गडचिरोली तहसील त्यानंतरची, १९०५ची, ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींतल्या जमीनदाऱ्या काढून केलेली. १९०७ मध्ये चेरला, अलबाक आणि नुगूर हे सिरोंच्याचे भाग मद्रासकडे गेले. चांद्यातली सर्वांत मोठी जमीनदारी अहेरीची, तरी जिल्ह्याचं ठिकाण झालं ते गडचिरोली.

गेल्या काही वर्षांत गडचिरोलीपर्यंत रेल्वे नेण्याचं काम सुरू झालं आहे. तो मार्ग वडशाहून येतो. अहेरी गडचिरोलीहून पुढे आणखी शंभरेक किलोमीटर, आल्लापल्लीच्या जंगलातून.