‘तेंद्रीआ’मधला द कुठून आला?

स्पॅनिशच्या वर्गात संकेतार्थ (म्हणजे क्रियापदाचं ‘जर-तर’चं रूप) शिकवायला घेतला, तेव्हा नियम ऐकून हायसं वाटलं होतं. मूळ क्रियापद अख्खं घ्यायचं आणि त्याला ‘ईआ’ जोडायचं. कांतार म्हणजे गाणे, त्याचं कांतारीआ, म्हणजे ‘मी गाईन (जर...)’ किंवा ‘गायलो असतो’. इतकं सोपं. मग ‘तेनेर’ आलं. तेनेर म्हणजे जवळ असणे, बाळगणे. रोजच्या बोलण्यात याच्यावाचून पान हलत नाही. नियमाने ‘तेनेरीआ’ व्हायला हवं होतं, पण फळ्यावर लिहिलं गेलं ‘तेंद्रीआ’. द कुठून आला, असं विचारलं. उत्तर मिळालं, ‘अपवाद आहे, पाठ करा.’

मला ते उत्तर तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. असे अपवाद डझनभर आहेत आणि त्यातले पाच तर हुबेहूब एकाच साच्याचे आहेत: तेनेर-तेंद्रीआ, पोनेर (ठेवणे)-पोंद्रीआ, बेनीर (येणे)-बेंद्रीआ, सालीर (बाहेर पडणे)-साल्द्रीआ, बालेर (किंमत असणे)-बाल्द्रीआ. पाच ठिकाणी तोच द. हा योगायोग कसा असेल?

आधी ते ‘ईआ’ काय आहे ते पाहू. स्पॅनिश लॅटिनपासून झाली. जुन्या लॅटिनमध्ये भविष्यकाळाचं रूप वेगळं होतं. ‘मी देईन’ला ‘दाबो’ म्हणत. नंतर बोलीत लोक ते सोडून ‘द्यायचं आहे’ अशा धर्तीचं बोलू लागले: मूळ क्रियापद आणि पुढे ‘हाबेओ’, म्हणजे ‘माझ्याकडे आहे’. घासून घासून दोन शब्दांचा एक झाला. सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या लॅटिन बखरीत याचा सुंदर पुरावा आहे. पराभूत राजा म्हणतो, ‘नोन दाबो’, देणार नाही. सम्राट जस्टिनियन म्हणतो, ‘दारास’, देशील! आणि म्हणून त्या जागी वसलेल्या शहराचं नाव दारा पडलं, अशी ती व्युत्पत्ती. व्युत्पत्ती म्हणून ती खोटीच, पण एका ओळीत जुना भविष्यकाळ आणि नवा भविष्यकाळ समोरासमोर उभे आहेत.

याच नव्या रूपात ‘आहे’च्या जागी ‘होतं’ घातलं की संकेतार्थ तयार होतो. ‘गायचं होतं’पासून कांतारीआ. नेब्रिहाने 1492 साली स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, त्यातही ही फोड दिली आहे. मराठी माणसाला तर हे घरचंच वाटावं. दुकानात जाऊन आपण म्हणतोच, ‘जरा विचारायचं होतं.’ विचारायचं आत्ता आहे, पण ‘होतं’ म्हटलं की बोलण्यातली धार कमी होते. माद्रिदमधला माणूस सुटे पैसे मागताना ‘तेंद्रीआ’ वापरतो, तेही याच कारणाने.

आता द. ‘तेनेरीआ’मध्ये आघात ‘री’वर पडतो. त्याच्या आधीचा ‘ए’ दुबळा, आणि बोलता बोलता तो गळून जातो. (‘आ’ हा तोंड मोठं उघडून म्हणायचा स्वर, तो टिकाव धरतो. म्हणून ‘-आर’ने संपणाऱ्या एकाही क्रियापदाला या रूपात अपवाद नाही.) ए गेल्यावर उरलं ‘तेन्-रीआ’. न् आणि र् एकमेकांना भिडले.

इथून पुढे सगळी गंमत तोंडात घडते. न म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं असतं आणि टाळूचा मागचा मऊ भाग खाली असतो, त्यामुळे हवा नाकातून जाते. र म्हणताना तो मऊ भाग वर जाऊन नाकाची वाट बंद करतो आणि जीभ दातांमागून सुटून थरथरते. म्हणजे न वरून र वर जाताना दोन कामं एकाच क्षणी व्हायला हवीत: नाकाची वाट बंद होणं आणि जीभ सुटणं. समजा वाट जराशी आधी बंद झाली. त्या निमिषात जीभ अजून टेकलेली आहे, कंठ घुमतो आहे, आणि हवेला ना नाकातून वाट ना तोंडातून. जीभ सुटताच ती कोंडलेली हवा बाहेर येते. जीभ दातांमागे, नाक बंद, कंठात घोष: ही द ची व्याख्या झाली! द कोणी घातलेला नाही. दोन हालचालींची वेळ किंचित चुकली की तो आपोआप ऐकू येतो.

पटत नसेल तर सर्दी झालेल्या मुलाचं बोलणं ऐका. नाक चोंदलं की ‘मामा’चा ‘बाबा’ होतो आणि ‘नाक’चं ‘दाक’. सालीरमध्ये नाकाचा संबंध नाही, पण तत्त्व तेच. ल म्हणताना हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी जाते. त्या बाजू टोकाच्या आधी मिटल्या की पुन्हा द.

म आणि र भिडले की याच न्यायाने मध्ये ब येतो. लॅटिन ‘होमिनेम’ (माणूस) आधी ‘ओमने’, मग ‘ओमरे’ आणि शेवटी स्पॅनिश ‘ओंब्रे’ झाला. लॅटिन ‘नुमेरुस’ फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन आपल्याकडे ‘नंबर’ म्हणून आला, ‘कामेरा’ ‘चेंबर’ म्हणून आला. दोन्हींत हाच ब आहे. आणि घरात पाहा: संस्कृत आम्र, प्राकृत अंब, मराठी आंबा. ताम्र, म्हणून तांबं. पुढे र गळला, पण मधला ब राहून गेला. न-रचं उदाहरण हवं असेल तर झाडावर बसलेलंच आहे. वानर, पण बोलीत वांदर. हिंदीत बंदर. ‘वांदर’मधला द आणि ‘तेंद्रीआ’मधला द एकाच रीतीने जन्मले.

एवढं वाचून कोणीतरी ‘बघा, स्पॅनिशसुद्धा संस्कृतमधूनच निघाली’ असा संदेश फिरवील, म्हणून सांगतो. लॅटिन आणि संस्कृत नात्यातल्या भाषा आहेत, एकीतून दुसरी निघालेली नाही. आणि हा द तर त्या नात्यातूनही आलेला नाही. लॅटिन ‘तेनेरे’त तो नाही, संस्कृत ‘वानर’मध्येही नाही. दोन्हीकडे तो नंतर, वेगवेगळा आला. सारखी आहे ती माणसाची टाळू आणि जीभ.

हा नियम गुरुत्वाकर्षणासारखा अटळ मात्र नाही. जुन्या स्पॅनिशमध्ये कोमेर (खाणे) याचंही भविष्यकाळी रूप ‘कोंब्रे’ होत असे, अगदी शास्त्रशुद्ध ब घेऊन. पण बोलणाऱ्यांना त्यात मूळ ‘कोमेर’ दिसेना, म्हणून त्यांनी गळलेला स्वर परत बसवला. आज ‘कोमेरे’ आणि संकेतार्थात ‘कोमेरीआ’ म्हणतात. ‘तेंद्रीआ’ दिवसातून इतक्या वेळा तोंडात येत होतं की त्याची दुरुस्ती करायची कोणाला गरज वाटली नसावी. ‘ओन्रा’ (अब्रू) या शब्दाचं तर जुन्या लिखाणात ‘ओंद्रा’ असं रूप सापडतं. आज मात्र सगळे ‘ओन्रा’च म्हणतात, द शिवाय.