पीव्हीआयडी आणि अनटॅग्ड मेंबरशिप : एकाच पोर्टच्या दोन वेगळ्या दिशा

आठ पोर्टचा साधा मॅनेज्ड स्विच घ्या, ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडा आणि ८०२.१क्यू व्हीलॅन (एकाच स्विचवर अनेक वेगळी नेटवर्क करायची, टॅग म्हणजे खूणचिठ्ठीवर चालणारी पद्धत) चालू करा. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ई असो की नेटगिअरचा जीएस३०८ई, दोन वेगळी पानं समोर येतात. एका पानावर कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये टॅग्ड, कुठे अनटॅग्ड आणि कुठे नाहीच, हे ठरवायचं असतं. दुसऱ्या पानावर प्रत्येक पोर्टपुढे पीव्हीआयडी (पोर्ट व्हीलॅन आयडी) नावाचा एकच आकडा भरायचा असतो. पोर्ट ३ पहिल्या पानावर व्हीलॅन १० मध्ये अनटॅग्ड केला की काम झालं असं वाटतं. दुसऱ्या पानावर तोच १० पुन्हा भरायला लावतात तेव्हा ती नुसती पुनरुक्ती वाटते, आणि ते पान राहून जातं.

ही पुनरुक्ती नाही. पीव्हीआयडी फक्त पोर्टमधून आत येणाऱ्या फ्रेमला (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या एका तुकड्याला) लागू होतो: टॅग नसलेली फ्रेम आली तर ती कुठल्या व्हीलॅनची समजायची? अनटॅग्ड मेंबरशिप फक्त बाहेर जाणाऱ्या फ्रेमला लागू होते: या व्हीलॅनची फ्रेम या पोर्टमधून बाहेर सोडायची का, आणि सोडताना टॅग काढायचा का? टॅग म्हणजे फ्रेममध्ये घातलेले चार बाइट. त्यात हेक्समधल्या ८१०० या खुणेनंतर प्राधान्याचे तीन बिट, आणखी एक बिट आणि व्हीलॅन क्रमांकाचे १२ बिट असतात. बारा बिटांत ० ते ४०९५ आकडे बसतात, पण दोन्ही टोकं राखीव असल्यामुळे वापरायला १ ते ४०९४ उरतात. साध्या संगणकाला किंवा कॅमेऱ्याला या टॅगशी देणंघेणं नसतं. तो टॅगविना पाठवतो आणि टॅगविनाच मिळण्याची अपेक्षा ठेवतो. म्हणून अशा पोर्टला दोन्ही गोष्टी लागतात आणि दोन्हींत आकडा एकच असावा लागतो.

सिस्कोसारख्या स्विचवर पोर्ट ‘ॲक्सेस’ करून व्हीलॅन १० दिला की दोन्ही दिशा एका आज्ञेत ठरतात. तिथे शिकलेला माणूस स्वस्त वेब-स्विचवर आला की हमखास अडखळतो, कारण इथे तेच काम दोन पानांत विभागलेलं असतं आणि दोन्हींचा मेळ घालायची जबाबदारी आपल्यावर असते. मिक्रोटिकच्या स्विचओएसमध्ये पीव्हीआयडीला ‘डीफॉल्ट व्हीलॅन आयडी’ म्हणतात. नाव वेगळं, काम तेच.

आता एका छोट्या कार्यालयाची मांडणी घेऊ. संगणकांसाठी व्हीलॅन १०, पाहुण्यांच्या वाय-फायसाठी २०, कॅमेऱ्यांसाठी ३०. पोर्ट १ राउटरकडे, २ ते ४ संगणक, ६ आणि ७ कॅमेरे, ८ वर वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट. पोर्ट ५ मुद्दाम रिकामा ठेवायचा. त्याचं कारण पुढे येईल.

मेंबरशिपच्या पानावर व्हीलॅन १० मध्ये पोर्ट १ टॅग्ड आणि २, ३, ४, ८ अनटॅग्ड. व्हीलॅन २० मध्ये १ आणि ८ दोन्ही टॅग्ड. व्हीलॅन ३० मध्ये १ टॅग्ड, ६ आणि ७ अनटॅग्ड. मग पीव्हीआयडीच्या पानावर २, ३, ४, ८ ला १०, ६ आणि ७ ला ३०. १ आणि ५ ला १ तसाच राहू द्यायचा. शेवटी पुन्हा मेंबरशिपकडे येऊन २, ३, ४, ६, ७, ८ हे पोर्ट व्हीलॅन १ मधून (सगळे पोर्ट मुळात याच व्हीलॅनमध्ये असतात) काढायचे. क्रम हाच ठेवा. पोर्टचा पीव्हीआयडी १ असताना त्याला व्हीलॅन १ मधून काढायला गेलात तर नेटगिअरचा स्विच नकार देतो, आणि तो नकार रास्त आहे.

पोर्ट ८ नीट पाहिला तर फरक चटकन कळतो. ॲक्सेस पॉइंट स्वतःचा कारभार आणि कार्यालयाचं वाय-फाय टॅगविना पाठवतो, पाहुण्यांचं वाय-फाय २० चा टॅग लावून. त्या टॅग लावलेल्या फ्रेमला पीव्हीआयडी हातही लावत नाही. म्हणून पोर्ट दोन व्हीलॅनमध्ये असूनही पीव्हीआयडी एकच पुरतो.

चूक झाली की दिसतं काय? पहिला आणि सर्वांत फसवा प्रकार : पोर्ट २ व्हीलॅन १० मध्ये अनटॅग्ड केला, पीव्हीआयडी १ राहिला आणि व्हीलॅन १ मधून काढलाही नाही. संगणकाला आयपी पत्ता मिळतो, इंटरनेट चालतं, सगळे खूश. पत्ता मात्र राउटरच्या मूळ, टॅगविना नेटवर्कातला असतो. व्हीलॅन वेगळे केल्याचा समज पक्का, प्रत्यक्षात वेगळं काहीच झालेलं नाही. म्हणून ‘नेट चालतंय का’ हे पाहून थांबू नका, मिळालेला पत्ता कुठल्या रांगेतला आहे ते वाचा.

दुसरा प्रकार : पीव्हीआयडी १ च राहिला, पण व्हीलॅन १ मधून पोर्ट निघाला. (स्विचने होऊ दिलं तर.) संगणकाचा डीएचसीपी डिस्कव्हर (आयपी पत्ता मागणारी पहिली हाक) व्हीलॅन १ मध्ये शिरतो, राउटरपर्यंत पोचतो, राउटर ऑफर (देऊ केलेला पत्ता) पाठवतो, पण ती ऑफर व्हीलॅन १ ची असल्यामुळे पोर्ट २ मधून बाहेर पडत नाही. संगणक शेवटी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतो. केबल ठीक, दिवा लुकलुकतोय, म्हणून लोक केबल बदलत बसतात. त्यापेक्षा राउटरचा डीएचसीपी लॉग उघडा. डिस्कव्हर, ऑफर, पुन्हा डिस्कव्हर, पुन्हा ऑफर आणि रिक्वेस्ट (तो पत्ता हवा असल्याचा निरोप) एकही नाही, असं दिसलं तर एकच दिशा तुटली आहे. डिस्कव्हर कुठल्या नेटवर्कात उमटला यावरून पीव्हीआयडी कळतो. ऑफर का परतली नाही याचं उत्तर मेंबरशिपमध्ये असतं. स्विचवर इन्ग्रेस फिल्टरिंग (पोर्ट ज्या व्हीलॅनचा सदस्य नाही त्या व्हीलॅनची फ्रेम आत न घेणं) चालू असेल तर मात्र फ्रेम दारातच टाकली जाते आणि लॉगमध्ये काहीच येत नाही.

कॅमेऱ्याला पत्ता हाताने दिलेला असला की डीएचसीपीचा पुरावा नसतो. तिथे राउटरवरून पिंग (उत्तर येतं का ते पाहणारी हाक) लावा आणि स्विचच्या पानावर पोर्ट ६ चे पाठवलेले आणि मिळालेले पॅकेट पाहा. दोन्ही आकडे पिंगच्या चालीने वाढतात पण उत्तर येत नाही, तर प्रश्न कॅमेऱ्यापर्यंत पोचतोय आणि उत्तर चुकीच्या व्हीलॅनमध्ये शिरतंय : पीव्हीआयडी तपासा. पाठवलेल्यांचा आकडा पिंगबरोबर हलतच नसेल तर मेंबरशिप तपासा.

तिसरा प्रकार उलटा. पीव्हीआयडी ३० बरोबर, व्हीलॅन ३० मध्ये अनटॅग्ड बरोबर, पण व्हीलॅन १ मधलं अनटॅग्ड सदस्यत्व तसंच राहिलं. सगळं चालतं, म्हणून हे महिनोन्महिने लक्षात येत नाही. व्हीलॅन १ मधलं प्रत्येक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली फ्रेम) मात्र कॅमेऱ्याच्या पोर्टमधूनही बाहेर पडतं. संगणकाच्या पोर्टवर हेच झालं आणि नेटवर्कात आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) असलं तर दुखणं विचित्र होतं. राउटरच्या व्हीलॅन १ मधल्या घोषणा मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेकांना पाठवून) पोर्टवर येतात, संगणक त्यावरून परक्या नेटवर्कातला आयपीव्ही६ पत्ता बनवतो, आणि काही संकेतस्थळं उघडायला उगाच वेळ लागतो. आयपीव्ही४ पाहणाऱ्याला सगळं ठाकठीक दिसतं.

एक पोर्ट अनेक व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड असणं ही दर वेळी चूकच असते असं नाही. दोन विभागांनी एकच प्रिंटर वापरायचा पण एकमेकांना दिसायचं नाही, यासाठी प्रिंटरच्या पोर्टला वेगळा पीव्हीआयडी देऊन तो दोन्ही व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड ठेवतात, आणि दोन्ही विभागांचे पोर्ट प्रिंटरच्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड. डी-लिंकच्या स्विचांवर याला असिमेट्रिक व्हीलॅन म्हणतात. दोन दिशा वेगवेगळ्या ठेवता येतात म्हणूनच हे जमतं. तरी राउटर हाताशी असेल तर ही युक्ती करू नये, असं आमचं मत; दोन वर्षांनी दुसरा कोणी ही पानं उघडेल तेव्हा त्याला हा हेतू दिसणार नाही, चूकच दिसेल.

आता पोर्ट ५. ज्या पोर्टवर बसून तुम्ही हे बदल करताय त्याचाच पीव्हीआयडी बदललात तर पुढच्या क्षणी तुमच्या फ्रेम दुसऱ्या व्हीलॅनमध्ये जातात आणि पान अर्ध्यात गोठू शकतं. म्हणून एक पोर्ट व्हीलॅन १ मध्ये अनटॅग्ड आणि पीव्हीआयडी १ असा शेवटपर्यंत ठेवा. डीएचसीपी मिळालं नाही तर टीएल-एसजी१०८ई हा १९२.१६८.०.१ वर आणि नेटगिअरचा १९२.१६८.०.२३९ वर सापडतो, लॅपटॉपला १९२.१६८.०.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.० हाताने द्या, वाय-फाय बंद करा आणि केबल थेट पोर्ट ५ ला लावा. वाय-फाय बंद करणं विसरू नका. घरच्या अनेक राउटरांचा पत्ताही १९२.१६८.०.१ असतो, आणि मग स्विचऐवजी राउटरचंच लॉगिन समोर येतं.

टीपी-लिंकच्या या मालिकेत ‘अप्लाय’ने बदल चालू होतो पण टिकत नाही, मेनूमधलं ‘सेव्ह कॉन्फिग’ वेगळं दाबावं लागतं. ते मात्र सगळे पोर्ट तपासून झाल्यावरच दाबा. तोवर कुठे अडकलात तर स्विचची विजेची पिन काढून पुन्हा लावली की जुनी मांडणी परत येते.