काटा मधातच होता

मे महिन्यातली दुपार. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून निघालेली दहा वर्षं जुनी डिझेल गाडी, आत सात माणसं, टपावर लग्नाचं सामान. परतवाडा मागे पडलं आणि चिखलदऱ्याचा घाट सुरू झाला. अर्ध्या चढावर तापल्या रबरासारखा वास आला. शेजारी बसलेल्या चुलतभावाने इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या मीटरकडे पाहिलं आणि म्हणाला, “काटा तं मधातच हाय ना भाऊ, काई झालं नाई.” मीही पाहिलं. काटा खरंच मधात, म्हणजे मध्यावर, होता. पुढच्या दोन वळणांत तो सरळ लाल पट्ट्यात गेला, बॉनेटखालून वाफ निघाली आणि गाडी थांबली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी, गेलं होतं, हेडला बाक आला होता.

गॅरेजमध्ये मिस्त्र्याने मीटर तपासलं, सेन्सर तपासला. दोन्ही चांगले होते. मग काट्याने आधी का सांगितलं नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. उत्तर शोधत गेलो आणि शेवटी डॅशबोर्डवर वेगळी मीटरं बसवून घेतली.

उत्तर असं. बऱ्याच गाड्यांत कंपनीने दिलेला तापमानाचा काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. इंजिन थंड ठेवणारं पाणी साधारण ७५ अंशांपासून १०५-११० अंशांपर्यंत कुठेही असो, काटा मध्यावरून हलत नाही. चढावर, ट्रॅफिकमध्ये, एसी लावल्यावर पाण्याचं तापमान दहा-पंधरा अंश वर-खाली होणं स्वाभाविक आहे. पण काटा हलला की लोक घाबरून गाडी सर्व्हिस सेंटरला आणतात, म्हणून तो मधला पट्टा सपाट करून टाकलेला असतो. हा सपाट पट्टा संपून काटा उचलतो, तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो. ज्या गाड्यांत काटाच नाही, नुसता दिवा आहे, तिथे तर एवढंही कळत नाही.

आता आमच्या भागाची गोष्ट. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथल्या बोअरचं पाणी माणसाला पिता येत नाही, पण इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरमध्ये मात्र ते सर्रास ओतलं जातं. पाणी तापलं की त्यातले विरघळलेले क्षार सगळ्यात गरम पृष्ठभागावर जाऊन बसतात. अल्युमिनियममधून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही ती या क्षारांच्या थरातून जात नाही. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसला की चहा उशिरा उकळतो, तसंच हे. फरक एवढाच की इंजिनात उष्णता बाहेर पडायची असते आणि तिची वाटच बंद होते. वर मिठामुळे अल्युमिनियमला खड्डे पडतात. आमचा रेडिएटर काढला तेव्हा त्याच्या खालच्या नळ्यांत मिस्त्र्याची तार शिरत नव्हती.

घाट हा त्यात दुसरा भार. आमचं गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे, तिथे पाणी ९९ अंशांना उकळतं. चिखलदरा १,१०० मीटरच्या वर आहे, तिथे ते ९६ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण आतला दाब वाढवून हा उत्कलनबिंदू वर ढकलतं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.९ बार जास्त ठेवला, तर मैदानात साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. म्हणून दीडशे-दोनशे रुपयांच्या त्या झाकणाचं रबर चिरलं की सगळं गणित फिसकटतं. कूलंट मिसळलं की उत्कलनबिंदू आणखी वर जातो आणि गंजही थांबतो. पण ते शुद्ध केलेल्या पाण्यातच मिसळायचं असतं, बोअरच्या नव्हे. उकळतं पाणी का नको? कारण वाफेचा बुडबुडा धातूला चिकटला की तिथली उष्णता पाणी उचलू शकत नाही. अल्युमिनियमचं हेड त्याच्या खालच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा जवळपास दुपटीने प्रसरण पावतं. बोल्टांनी जखडलेलं हेड वाढायला जागा नसल्यामुळे बाक घेतं.

तालुक्याच्या बसस्टँडमागे एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो. त्याच्याकडे तीन मीटरं बसवली: पाण्याचं तापमान, ऑइलचा दाब आणि व्होल्ट. बसवण्याआधी मी तापमानाचा सेन्सर घरी आणला. त्याला थर्मिस्टर म्हणतात. पितळी टोपीत एक मसाल्याच्या दाण्याएवढा अर्धवाहक असतो. तो जितका तापेल तितका त्याचा विद्युतरोध कमी होतो. चुलीवर पातेलं ठेवलं, सेन्सर तारेने लोंबकळत सोडला, शेजारी थर्मामीटर धरला आणि मल्टिमीटरच्या दोन्ही वायरी जोडल्या. माझी पुतणी वहीत आकडे लिहीत होती. ४० अंशांना २९० ओहमच्या आसपास. ६० ला १३४. ९० ला ५१. पाणी खळखळायला लागलं तेव्हा ३९. काटा म्हणजे मुळात हे ओहम अंशांच्या भाषेत वाचणारं यंत्र आहे, हे तिला त्या दिवशी जसं कळलं तसं पुस्तकातून कळलं नसतं. म्हणूनच मीटर एका जातीचं आणि सेन्सर दुसऱ्या जातीचा जोडला, तर काटा फिरेल खरा, पण काहीतरीच सांगेल. जोडी एकाच ठिकाणची घ्यावी.

यातूनच मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट निघते. अशा सेन्सरला एकच वायर येते. दुसरी बाजू इंजिनाच्या धातूतून, म्हणजे अर्थिंगमधून पूर्ण होते. समजा एखाद्या गंजलेल्या जोडाने वाटेत १५ ओहमचा अडथळा घातला. पाणी उकळतंय, सेन्सर ३९ सांगतोय, पण मीटरला दिसतात ५४. काटा ९० अंशांच्याही जरा खाली थांबतो. खराब जोड इथे नेहमी खोटा दिलासा देतो, खोटी भीती कधीच नाही. म्हणून सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढेच वेढे गुंडाळू नयेत, त्यांनी अर्थिंगच अडतं.

आमचा सेन्सर इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपमध्ये बसवला. पाइप मधोमध कापून त्यात अल्युमिनियमचा नळीसारखा तुकडा घातला, दोन्हीकडे क्लँप, तुकड्याच्या मधल्या भोकात सेन्सर. पण त्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना रबर आहे आणि रबरातून वीज जात नाही. त्या तुकड्याला स्वतंत्र अर्थिंगची वायर दिली नसती, तर मीटर मुकंच राहिलं असतं. या जागेचा एक फायदाही दिसला. गाडी सुरू केल्यावर काटा बराच वेळ खाली राहतो आणि मग एकदम चढतो. तो क्षण म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडल्याचा. त्यातलं मेण ८२ अंशांच्या सुमाराला वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. आमच्याकडे उन्हाळा आला की “थर्मोस्टॅट काढूनच टाक, गाडी थंड राह्यते” असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. थंड राहिलेलं इंजिन जास्त झिजतं आणि जास्त डिझेल खातं. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच फिरत राहतो.

ऑइलच्या मीटरबद्दल थोडक्यात. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो. चालत्या इंजिनाला सहसा तीन-चार बार लागतात, म्हणजे दिवा लागेपर्यंत बेअरिंगांचं जे व्हायचं ते होऊन जातं. स्वस्त मीटरात गरम ऑइल बारीक नळीतून थेट केबिनमध्ये येतं. तिथे आत एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते, दाब वाढला की ती सरळ व्हायला पाहते आणि काटा ओढते. युजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये या नळीचं पेटंट घेतलं, ती आजही तशीच चालते. यंत्र उत्तम आहे, पण नळी फुटली तर कढत ऑइल पायावर येतं. म्हणून विजेवर चालणारा सेन्सर घेतला. लाल दिव्याचा जुना स्विच काढला नाही, टी आकाराचा जोड लावून दोन्ही ठेवले.

व्होल्टमीटर सगळ्यात स्वस्त, आणि मला तो सगळ्यात आवडतो. बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, चालू गाडीत १३.८ ते १४.४ हवेत. चालता चालता आकडा १२.५ वर घसरला तर आमच्या गाडीत पहिला संशय बॅटरी भरणारं जनित्र फिरवणाऱ्या पट्ट्याचा, कारण तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पाणी तापायच्या आधी व्होल्ट सांगतात.

तिन्ही मीटरांना चावीनंतरची लाइन दिली, दोन अँपिअरचा फ्यूज टाकला, आणि इंजिनामागच्या पत्र्यातून वायर जिथे आत येते तिथे रबरी बूच बसवलं. पत्र्याच्या धारेवर घासून सोललेली वायर आणि टपावर कापूस, ही जोडी आम्हाला परवडणारी नाही. आमच्याकडे शेतात उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून सगळ्या वायरी जाड नळीतून घेतल्या.

पुढच्याच उन्हाळ्यात अकोटहून येताना काटा ९२ वरून १०३ वर गेला, आणि मग हळूहळू खाली यायला लागला. ९५. ८५. ७०. पुतण्या म्हणाला, “काका, झाली थंडी.” मी गाडी तिथेच बाभळीखाली लावली आणि चावी बंद केली. वरचा होज खालून फाटला होता, पाणी वाटेतच सांडलं होतं. पाणी नव्हतं म्हणून सेन्सर हवेत लोंबकळत होता, आणि हवा पाण्याइतकी उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचवत नाही. सेन्सर स्वतःचंच तापमान सांगत होता. इंजिनाचं तो सांगूच शकत नव्हता. हेड वाचलं, कारण काटा विनाकारण उतरतोय हे दिसलं होतं.

त्यानंतर कूलंटच्या टाकीत पातळी सांगणारा फ्लोट बसवला, पातळी खाली गेली की बझर वाजतो. आणि दरवर्षी होळी झाली की तो पितळी सेन्सर काढतो, अर्थिंगचा बोल्ट घासतो, पातेलं चुलीवर चढतं. पुतणी जुनी वही काढते आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहिते.