काब्वेच्या अंगणातलं शिसं

झांबियाची राजधानी लुसाकापासून साधारण 140 किलोमीटर उत्तरेला काब्वे हे शहर आहे. तिथल्या कसांडा किंवा माकुलुलू वस्तीत कोरड्या दिवसांत अंगण झाडायला घेतलं की धूळ उठते, जराशी तरंगते आणि परत तिथेच बसते. त्याच मातीत लहान मुलं मांडी घालून खेळतात आणि तसाच हात तोंडात घालतात. कुठल्याही गावात दिसावं असं हे दृश्य. पण या धुळीत शिसं आहे आणि ते तिथे कसं आलं, हे समजायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

1902 मध्ये इथल्या टेकडीत शिसं आणि जस्ताचा साठा सापडला. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या प्रसिद्ध खाणीवरून या जागेलाही तेच नाव दिलं गेलं. 1904 मध्ये कंपनी उभी राहिली, 1906 मध्ये रेल्वे पोचली आणि टेकडी फोडायचं काम जोरात सुरू झालं.

या खोदकामातली एक घटना जगभर माहीत आहे. जून 1921 मध्ये खाणकामगारांना टेकडीच्या पोटात एक कवटी सापडली, भुवयांची हाडं जाडजूड पुढे आलेली, कपाळ मागे झुकलेलं. आफ्रिकेत सापडलेला प्राचीन मानवाचा तो पहिला महत्त्वाचा अवशेष. आता तिचं वय सुमारे 3 लाख वर्षं मानलं जातं. कवटी लंडनला गेली ती आजही तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहे. झांबिया गेली कित्येक वर्षं ती परत मागतो आहे. ज्या टेकडीतून ती निघाली ती टेकडी मात्र उरली नाही. तिच्यातलं मोलाचं ते जगात गेलं, आणि नको होतं ते धातूमळीचे ढीग होऊन गावाच्या उशाशी पडून राहिलं.

पुढची अनेक दशकं ही जगातल्या मोठ्या शिसं-खाणींपैकी एक होती. खाणीला लागूनच भट्ट्या, आणि भट्ट्यांच्या पलीकडे कामगारांच्या वस्त्या. वारा बहुतेक पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो आणि कसांडा, माकुलुलू खाणीच्या पश्चिमेलाच. धुराड्यातून निघालेलं शिसं रोज थोडं थोडं कौलांवर, पत्र्यांवर, परसातल्या भाजीवर, अंगणात उतरत गेलं. खाणीचं पाणी वाहून नेणारा कालवाही वस्त्यांच्या कडेने जातो. त्यात मुलं पोहायची. पुढे गाळ उपसला तेव्हा तो बराचसा काठावरच टाकला गेला.

शिशाचा वाईट गुण असा की ते कुजत नाही, विरत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि बाईला दिवस गेले की ते हाडांतून सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट जास्त शोषून घेतं. रक्त कमी होतं, पोट दुखत राहतं, आणि घडत असलेल्या मेंदूचं जे नुकसान होतं ते पुढे भरून येत नाही. असं मूल बरेचदा आजारी दिसतच नाही. शाळेत मागे पडतं, चिडचिडं होतं, आणि घरच्यांना वाटतं पोरगं अभ्यासच करत नाही. मला या सगळ्या हकिकतीत हे सर्वात जिव्हारी लागतं.

कोणाला माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला खाणीत डॉक्टर असलेल्या ए. आर. एल. क्लार्क यांनी या वस्त्यांतल्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास केला आणि 1975 मध्ये लंडनला प्रबंध सादर केला. त्यानंतरही खाण जवळजवळ वीस वर्षं चालली.

दरम्यान मालक बदलले. झांबिया 1964 मध्ये स्वतंत्र झाला, 1966 मध्ये शहराचं नाव काब्वे झालं, 1970 च्या दशकात खाण सरकारकडे आली, आणि 30 जून 1994 ला ती बंद झाली. ढीग उघडेच राहिले. रोजगार गेलेली माणसं पोटासाठी त्याच ढिगांत उरलेलं शिसं आणि जस्त शोधायला उतरली.

जागतिक बँकेच्या कर्जावर 2003 पासून एक आणि 2016 पासून दुसरा प्रकल्प झाला. मुलांच्या तपासण्या झाल्या, काहींवर उपचार झाले, काही जागांची माती बदलली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खाणीजवळच्या वस्त्यांतली सात वर्षांपर्यंतची 246 मुलं तपासली होती. त्या वेळी डेसिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम ही धोक्याची खूण मानत, आणि त्याच्या खाली एकही मूल नव्हतं.

भरपाईचा प्रश्न ऑक्टोबर 2020 मध्ये जोहान्सबर्गच्या कोर्टात गेला. 1925 ते 1974 या काळात खाणीशी संबंध असलेल्या अँग्लो अमेरिकन साऊथ आफ्रिका या कंपनीविरुद्ध मुलं आणि स्त्रियांच्या वतीने सामूहिक दावा मांडला गेला. खाण आमच्या मालकीची नव्हती, आम्ही ती चालवतही नव्हतो, असं कंपनीचं म्हणणं. डिसेंबर 2023 मध्ये कोर्टाने सामूहिक दाव्याला परवानगी नाकारली. त्यावर अपील करायची मुभा पुढच्या वर्षी मिळाली.

रक्तातलं शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध आहे आणि काब्वेत ते दिलंही गेलं आहे. पण औषधाचा कोर्स संपला की मूल घरी येतं. घर तेच, अंगण तेच, आणि वाऱ्याच्या दिशेला तो ढीगही तसाच. पुन्हा तपासायची वेळ येते तेव्हा आकडा परत चढलेला असतो.