टेन्शन आलं की सुटलेलं व्यसन परत का लागतं? या शोधाची पार्श्वभूमी

दोन-दोन वर्षं हात न लावलेला माणूस नोकरी गेली किंवा घरात कुणी दगावलं की परत घसरतो, आणि घरचे म्हणतात याला सोडायचंच नव्हतं. हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं, कारण त्या वेळी मेंदूत काय होतं यावर केवढं काम झालंय आणि ते घराघरात पोचलेलंच नाही.

पूर्वी सगळा भर मजेवर होता, म्हणजे मजा येते म्हणून माणूस परत घेतो. 1954 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले, तर उंदीर त्या विजेसाठी दांडी दाबतच राहिले. दुसरी समजूत विड्रॉवलची, म्हणजे नशा बंद केल्यावर होणारी अंगदुखी-उलट्या टाळायला माणूस परत घेतो. पण ज्याचं विड्रॉवल केव्हाचंच संपलंय तो माणूस का घसरतो?

यावरचं मोठं काम मॉन्ट्रियलच्याच कॉन्कॉर्डिया विद्यापीठात जेन स्टुअर्ट यांच्या लॅबमध्ये झालं. 1995 मध्ये शहाम आणि स्टुअर्ट यांनी जे दाखवलं ते असं, की उंदराने दांडी दाबली की थेट शिरेत हेरॉइन मिळायचं, मग ते बंद केलं, दाबून काहीच येत नाही म्हटल्यावर त्याने दांडीचा नाद सोडला, आणि मग पायाला थोडा वेळ करंटचे झटके दिले तर हा लगेच परत दांडीवर, हेरॉइन येत नसतानाही! औषध देऊन मुद्दाम विड्रॉवल आणलं तेव्हा मात्र असं झालं नाही.

मग संशय गेला सीआरएफवर. ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून सुटणारं हे 41 अमिनो आम्लांचं रसायन वायली वेल यांच्या टीमने 1981 मध्ये मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळं काढलं होतं, आणि त्याच्यामुळेच शेवटी किडनीवरच्या ग्रंथीतून स्ट्रेस हार्मोन येतं. 1997 च्या प्रयोगात उंदरांच्या त्या ग्रंथीच काढून टाकल्या, तरी झटक्यांनंतर ते हेरॉइन शोधायला गेलेच, पण मेंदूत सीआरएफ अडवलं तर ओढ कमी झाली. म्हणजे हार्मोन नाही, मेंदूतलंच सीआरएफ. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. पुढे 1999 मध्ये कोकेनच्या बाबतीत जागाही सापडली, अमिग्डलाला (मेंदूतला भीतीशी संबंधित भाग) जोडलेला बीएनएसटी नावाचा छोटा भाग.

माणसांवरचं काम अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रजिता सिन्हा यांनी केलं. पेशंटच्याच आयुष्यातला टेन्शनचा प्रसंग रेकॉर्ड करून त्याला ऐकवायचा आणि तलफ मोजायची. कोकेनच्या पेशंटमध्ये ज्यांची तलफ तेव्हा जास्त भडकली ते डिस्चार्जनंतर लवकर घसरले, हे 2006 मध्ये छापून आलं.

औषधांचं मात्र अवघड झालं. सीआरएफ अडवणाऱ्या पेक्सासरफाँट आणि व्हेरुसरफाँटच्या दारूच्या पेशंटवरच्या ट्रायल 2015-16 मध्ये आल्या, तलफ काही कमी झाली नाही. त्याउलट बीपीची जुनी गोळी क्लोनिडिन, जी ताणात सुटणाऱ्या नॉरअॅड्रेनालिन या रसायनाचा जोर कमी करते, ती ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनसारख्या व्यसनावरचं औषध) चालू असलेल्यांना दिली तर ते सलग जास्त दिवस हेरॉइनसारख्या ड्रग्जपासून लांब राहिले, आणि टेन्शन आलं तरी तलफ आधीइतकी उसळेना.