वृत्तनिवेदक (दूरचित्रवाणी)

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येऊन बातम्या सांगणारी व्यक्ती. ‘वृत्तनिवेदक’ व ‘वृत्तनिवेदिका’ हे शब्द मराठीत दूरदर्शनमुळे रुळले. खासगी वाहिन्यांत मात्र ‘अँकर’ हाच शब्द चालतो. दोन्ही समानार्थी मानले जात असले, तरी काटेकोरपणे पाहता निवेदक इतरांनी संपादित केलेला मजकूर वाचतो, तर अँकर वार्ताहर व पाहुणे यांच्याशी थेट बोलत अख्खे बातमीपत्र पुढे नेतो.

‘अँकर’ संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. प्रचलित मतानुसार १९५२ मधील अमेरिकी पक्ष-अधिवेशनांच्या प्रक्षेपणात सीबीएस या अमेरिकी वाहिनीने आपले निवेदक वॉल्टर क्राँकाइट यांच्या भूमिकेसाठी ती योजली. तिचे जनकत्व कोणी सीबीएसचे वृत्तप्रमुख सिग मिकल्सन यांच्याकडे देतात, कोणी तेथील निर्माते डॉन ह्यूइट यांच्याकडे. रिले शर्यतीत शेवटचा टप्पा धावणाऱ्या भरवशाच्या गड्याला अँकर म्हणतात, त्यावरून ही संज्ञा आली असे स्पष्टीकरण दिले जाते. मात्र १९४८ मध्येच एनबीसी या दुसऱ्या अमेरिकी वाहिनीच्या एका प्रश्नमंजूषेत वृत्तनिवेदक जॉन कॅमरन स्वेझ यांच्यासाठी ‘अँकर मॅन’ हा शब्दप्रयोग झाला होता. त्यामुळे १९५२ मध्ये शब्द जन्मला असे म्हणण्यापेक्षा तेव्हा त्याला बातम्यांचा अर्थ चिकटला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. स्वीडनमध्ये निवेदकाला क्राँकाइट यांच्या नावावरून ओळखतात, ही वारंवार छापली गेलेली माहिती भाषाभ्यासकांच्या पडताळणीत टिकलेली नाही.

निवेदकाचा चेहरा दाखवावा की नाही, हाही प्रारंभी वादाचा विषय होता. बीबीसीने १९५४ मध्ये बातमीपत्र सुरू केले, तेव्हा रिचर्ड बेकर यांचा केवळ आवाज ऐकू येई. चेहऱ्यावरील भावांमुळे बातमीला रंग चढेल अशी धास्ती होती. १९५५ मध्ये निवेदक केनेथ केंडल पडद्यावर दिसले.

भारतात दिल्लीतील दूरचित्रवाणीचा प्रयोग १९५९ चा. पहिल्या वृत्तनिवेदिका म्हणून प्रतिमा पुरी यांचे नाव घेतले जाते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथील मराठी बातम्यांच्या आरंभीच्या निवेदकांत विश्वास मेहेंदळे यांचा उल्लेख अग्रक्रमाने होतो. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे ही नावे पुढे घरोघरी पोहोचली. यांतील बर्वे रंगभूमीवरच्या, भावे बालसाहित्यिक. बातम्या वाचणे हा अनेकांचा एकमेव व्यवसाय नव्हता. स्मिता पाटील जीन्सवरच साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसत, ही आठवण बहुतेक लेखांत येते.

मराठी निवेदकाची खरी कसोटी उच्चारांत लागते. च, ज, झ या वर्णांचे तालव्य (जीभ टाळूला लावून) व दंततालव्य (जीभ दातांमागे लावून) असे दोन उच्चार आहेत, पण लिपी त्यांत भेद करीत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च वेगळा. ‘जन्म’ आणि ‘जगणे’ यांतील ज वेगळा. दुष्काळाच्या बातमीत ‘चार छावण्यांत चारा’ असे आले, की नवखा निवेदक हमखास उघडा पडतो. गावांची नावे व आडनावे आधी विचारून घ्यावी लागतात ती याचसाठी.

हाती कागद घेऊन वाचण्याची पद्धत टेलिप्रॉम्प्टरने मागे सारली. हे यंत्र १९५० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले. त्यामागे फ्रेड बार्टन या अभिनेत्याची कल्पना व ह्युबर्ट श्लाफ्ली यांचे अभियांत्रिकी कौशल्य होते. प्रारंभी मजकूर कागदाच्या गुंडाळीवर असे. आजच्या रचनेत कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तिरप्या बसवलेल्या काचेत तो उलटा पाठवून सुलटा दिसतो. चालकाने वाचकाच्या गतीने ओळी सरकवायच्या असतात. उलटे झाले, म्हणजे वाचक ओळींमागे धावू लागला, तर ते प्रेक्षकाला लगेच कळते. कानातील यंत्रातून निर्मात्याच्या सूचना येत असतात आणि त्या ऐकत असताना बोलणे थांबवता येत नाही.

झी २४ तास (२००७) या वाहिनीपासून मराठीत चोवीस तास बातम्या सुरू झाल्या. लिखित बातमीपत्राची जागा थेट प्रक्षेपणाने घेतली आणि संहितेविना दीर्घकाळ बोलणे हे निवेदकाचे नित्याचे काम झाले. पत्रकारितेचा अनुभव आवाजाइतकाच महत्त्वाचा ठरू लागला तो यानंतर.

जिल्ह्यांच्या ठिकाणी केबलचालकांनी चालवलेल्या स्थानिक बातमीपत्रांतही निवेदक असत. तेथे बातमी आणणे, लिहिणे व वाचणे ही कामे पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे असत.