वाऱ्यासाठी थांबलेली मोनार्क

सप्टेंबरच्या अखेरीस न्यू जर्सीत थंडीची पहिली लाट येते, वारा वायव्येकडून वाहू लागतो. मोनार्क फुलपाखरं पाहायला केप मेला जायचं ते अशाच दिवशी.

केप मे म्हणजे एका अंगाला अटलांटिक आणि दुसऱ्या अंगाला डेलावेअरचा उपसागर असलेलं जमिनीचं टोक. ईशान्य अमेरिका आणि कॅनडातून हिवाळ्यासाठी मेक्सिकोकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं वायव्येच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे लोटली जातात. खुल्या समुद्रावर जायचं टाळून ती किनाऱ्याच्या कडेनं खाली सरकतात आणि या टोकावर येऊन दाटतात. पुढे पाणी. पलीकडच्या लुईस गावाला जायला फेरीबोटीला सुमारे २७ किलोमीटर कापावे लागतात. फुलपाखराचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम! वारा उलटा असला, तर ती थांबतात.

मला हा मुक्कामच सगळ्यात मोलाचा वाटतो. वाळूच्या टेकाडांवर गोल्डनरॉडचे पिवळे तुरे फुललेले असतात. त्यांच्या मकरंदाची शरीरात चरबी होते. पुढच्या प्रवासाची आणि हिवाळ्याची शिदोरी तीच. म्हणून किनाऱ्यावरचं हे 'रान' साफ करून टाकू नये, असं मनापासून वाटतं.

रात्री ती सीडरच्या फांद्यांवर झुंबडीनं लटकतात. पहाटे पाहावं, तर वाळकी पानंच वाटतात. मिटलेल्या पंखांची खालची बाजू तशीच फिकट. हवा साधारण १३ अंशांच्या खाली असली, तर उडणं जमत नाही. मग ऊन फांदीवर येतं, एक पंख उघडतो, शेजारचा उघडतो, आणि बघता बघता झाड केशरी होतं.

यातल्या एकाही फुलपाखरानं मेक्सिको पाहिलेला नसतो. वसंतात तिथून निघालेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. सूर्य सरकतो तसा दिशेचा हिशेब जुळवून घेणारं घड्याळ त्यांच्या मिशांमध्ये असतं. आपल्याकडे रुईवर दिसणारा प्लेन टायगर याच कुळातला, डॅनॉस प्रजातीचा. मोनार्कच्या अळ्याही रुईच्याच भाऊबंद असलेल्या मिल्कवीडवर वाढतात.

इथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांची मोजणी होते. ठरलेल्या रस्त्यानं दिवसातून तीनदा हळू गाडी चालवत दिसेल ते मोनार्क टिपायचं. काहींच्या मागच्या पंखावर आकडे-अक्षरांची नखाएवढी चकती चिकटवून सोडतात. अशा काही चकत्या पुढे मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांखाली सापडल्या आहेत.

वारा अनुकूल झाला, की दीपगृहावरून एकेक जण वर चढतो, घिरटी घेतो आणि पाण्यावर निघतो.